तीन दिवस की 72 तास?

कोव्हिडच्या काळात परदेशात जाऊन क्रूझ पकडायची, तर समुद्रप्रवास हा त्यातला सर्वांत सोपा भाग होता. अवघड होतं ते जहाजाच्या शिडीपर्यंत पोहोचणं. लसीचं प्रमाणपत्र, चाचणीचा अहवाल, विमानतळावरचा ऑनलाइन अर्ज, बंदरावरची तपासणी, परतीसाठी पुन्हा चाचणी. त्या दिवसांविषयी बोलताना आपण ‘नियमांचा नुसता गोंधळ होता’ असं म्हणून मोकळे होतो. पण एकेक नियम सुटा काढून पाहिला, तर बहुतेकांमागे कारण सापडतं आणि शब्दरचनाही बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. खरी अडचण वेगळी होती. विमान कंपनी विमानापुरतं पाहत होती, सरकार आपल्या सीमेपुरतं, क्रूझ कंपनी जहाजापुरतं आणि वाटेतलं प्रत्येक बंदर आपल्या धक्क्यापुरतं. घरातून निघून घरी परत येईपर्यंतचा सगळा प्रवास एकत्र धरून पाहण्याचं काम कुणाकडेच नव्हतं. ते कुणी न सांगता प्रवाशाच्या गळ्यात पडलं होतं. ज्याने ते ओळखलं तो जहाजावर चढला; बाकीच्यांपैकी अनेकांचा प्रवास काउंटरवरच संपला.

नियम इतके कडक का झाले, हे समजायला 2020च्या फेब्रुवारीत जावं लागतं. जपानमधल्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ हे जहाज अडवून ठेवलं गेलं तेव्हा त्यावर 3,711 माणसं होती आणि अखेरीस त्यांतल्या 712 जणांना संसर्ग झाल्याचं निष्पन्न झालं. त्या जहाजावर 138 भारतीय होते, त्यांतले 132 कर्मचारी. त्याच सुमारास ‘वेस्टरडॅम’ जहाजाला एकामागून एक बंदरं नकार देत गेली आणि शेवटी कंबोडियातल्या सिहानूकव्हिलने त्याला आसरा दिला. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली म्हणते की आरोग्याच्या कारणावरून जहाजाला बंदरात येण्यापासून रोखू नये. पण भीतीपुढे कागदावरचं कलम टिकलं नाही. याच्या उलट चूक सिडनीत झाली. 19 मार्चला ‘रुबी प्रिन्सेस’मधून अडीच हजारांवर प्रवाशांना चाचण्यांच्या निकालाची वाट न पाहता उतरू दिलं. त्या जहाजाशी जोडलेल्या संसर्गात पुढे किमान 28 माणसं दगावली आणि न्यू साउथ वेल्स सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. त्यानंतर कोणताच बंदर अधिकारी प्रवाशाच्या तोंडी शब्दावर विसंबायला तयार होईना. अमेरिकेत क्रूझ मार्च 2020मध्ये बंद झाल्या, त्या जून 2021मध्ये सुरू झाल्या तेव्हा शिडीच्या अलीकडे चाचणीचं टेबल मांडलेलं होतं.

आता प्रत्यक्ष हिशोब करून पाहू. समजा, ठाण्याचं एक जोडपं रविवार, 19 डिसेंबर 2021 रोजी मायामीतून सुटणाऱ्या सात रात्रींच्या क्रूझवर निघालं आहे. मुंबईचं विमान रात्री दीडचं. दोघं गुरुवारी रात्री नऊला घर सोडणार, त्यामुळे त्यांच्या डोक्यात ‘गुरुवारची फ्लाइट’ पक्की बसलेली. अमेरिकेचा नियम 6 डिसेंबरपासून बदलला होता: चाचणी उड्डाणाच्या एक दिवस आधीपर्यंतचीच हवी. म्हणजे बुधवारी स्वॅब दिला की झालं, असं या जोडप्याला वाटणार. पण तिकिटावर तारीख शुक्रवारची, 17ची आहे. बुधवारचा अहवाल दोन दिवस जुना ठरतो आणि काउंटरवरचा कर्मचारी तो परत करतो. स्वॅब गुरुवारीच द्यायला हवा, आणि आरटीपीसीआरचा अहवाल त्याच दिवशी हातात येईल याचा भरवसा नाही. अमेरिकेला अँटिजेन चाचणीही चालत होती. पण अहवालावर चाचणीचा प्रकार, नमुना घेतल्याची तारीख, प्रयोगशाळेचं नाव, निकाल, आणि प्रवाशाच्या नावासोबत जन्मतारीख किंवा पासपोर्ट क्रमांक एवढं असणं आवश्यक होतं. कोपऱ्यावरच्या लॅबने ‘निगेटिव्ह’ असा शिक्का मारून दिलेली चिठ्ठी कामाची नव्हती.

गुरुवारच्या अहवालावर विमान मिळालं. शहाण्या प्रवाशांप्रमाणे या जोडप्याने मायामीत शनिवारचा दिवस मोकळा ठेवला आहे; विमानाला उशीर झाला तर जहाज हुकायला नको. नेमका हाच शहाणपणा इथे आडवा येतो. जहाजाचा नियम होता की चाचणी चढण्याआधी दोन दिवसांच्या आतली हवी. रविवारसाठी दोन दिवस मागे मोजले तर शुक्रवार येतो, आणि मुंबईचा अहवाल आहे गुरुवारचा. देशात शिरायला पुरलेला कागद जहाजावर चढायला पुरत नाही, म्हणून शनिवारी मायामीत पुन्हा चाचणी. हेच जहाज शनिवारी सुटणारं असतं तर एकाच अहवालावर दोन्ही कामं झाली असती. दोन्ही नियमांत परस्परविरोध कुठेच नाही. फक्त एक उड्डाणाच्या तारखेपासून मागे मोजतो, दुसरा जहाज सुटण्याच्या तारखेपासून, आणि दोन्ही बोटं एकाच कॅलेंडरवर ठेवून पाहणारं तिसरं कुणी नाही.

शिवाय दिवस आणि तास यांतला फरक. अमेरिकेने ‘24 तास’ न म्हणता ‘एक दिवस’ म्हटलं ते मुद्दाम. उड्डाणाची वेळ सकाळची की रात्रीची यावर चाचणी बाद ठरू नये म्हणून. दुबईत मात्र हिशोब तासांचा होता. त्या हिवाळ्यात दुबईहून क्रूझ घेणाऱ्या भारतीयाला नमुना दिल्यापासून 48 तासांच्या आतला, क्यूआर कोड असलेला आरटीपीसीआर अहवाल आणि शिवाय विमानतळावर उड्डाणाआधी सहा तासांच्या आत रॅपिड पीसीआर, असं दोन्ही लागत होतं. घड्याळ सुरू होतं ते नमुना दिल्यावर, अहवाल छापल्यावर नव्हे. तीन दिवस आणि 72 तास एकच, असं समजणाऱ्यांची इथे फसगत व्हायची.

परतीचं गणित तर निघताना कुणी मांडतच नसे. भारतात येणाऱ्याला प्रवासाआधी 72 तासांतला आरटीपीसीआर अहवाल ‘एअर सुविधा’ या सरकारी पोर्टलवर चढवावा लागे, अँटिजेन चालत नसे. आपल्या जोडप्याचं जहाज रविवारी, 26 डिसेंबरला सकाळी मायामीला परत लागतं. त्याच रात्री नऊचं विमान असेल तर नमुना गुरुवारी रात्री नऊनंतरचा हवा, आणि गुरुवार ते शनिवार ही मंडळी भर समुद्रात. म्हणजे नाताळाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, सामान ओढत आरटीपीसीआर करणारी लॅब शोधायची आणि संध्याकाळपर्यंत अहवाल येईल अशी आशा धरायची. त्यापेक्षा परतीचं तिकीटच सोमवार रात्रीचं काढणं हे महाग पण खरं उत्तर होतं.

लसीच्या बाबतीतही हेच. कोविशील्ड जागतिक आरोग्य संघटनेच्या मान्य लसींच्या यादीत होतीच. कोव्हॅक्सिन त्या यादीत 3 नोव्हेंबर 2021ला आली, त्या यादीतली लस घेतलेल्या परदेशी प्रवाशांसाठी अमेरिका उघडण्याच्या जेमतेम पाच दिवस आधी. प्रौढांचा प्रश्न सुटला, पण मुलांचा? अमेरिकेत शिरण्यासाठी 18 वर्षांखालच्यांना लसीची अट नव्हती. अनेक क्रूझ कंपन्या मात्र 12 वर्षांवरच्या प्रत्येकाकडे लस मागत होत्या. आणि भारतात 15 ते 18 वयोगटाचं लसीकरण सुरू झालं 3 जानेवारी 2022ला, 12 ते 14चं मार्चमध्ये. त्या डिसेंबरात 14 वर्षांच्या मुलाला घेऊन निघालेल्या मराठी कुटुंबाला अमेरिका आत घेणार, पण जहाज मुलाला चढू देणार नाही, आणि घरी राहून लस द्यावी म्हटलं तर ती उपलब्धच नाही. तिन्ही नियम आपापल्या जागी बरोबर.

प्रवासी निदान हौसेने जात होते. गोव्यातली आणि कोकणातली जी मुलं क्रूझवर नोकरी करतात त्यांच्यासाठी हा पोटाचा प्रश्न होता. मे 2021मध्ये सरकारने कोविशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर 12 ते 16 आठवड्यांवर नेलं, आणि नेमक्या त्याच सुमारास जहाजं पुन्हा कर्मचारी बोलवू लागली. जूनमध्ये परदेशी नोकरीवर वा शिक्षणासाठी जाणाऱ्यांना 28 दिवसांनंतर दुसरा डोस घेण्याची मुभा मिळाली, लसीच्या प्रमाणपत्रावर पासपोर्ट क्रमांक जोडण्याची सोयही झाली. सरकारी यंत्रणेने दुसऱ्याचं कॅलेंडर पाहून आपलं बदलल्याचं हे उदाहरण आहे. अशी उदाहरणं मोजकीच सापडतात.

यावर एक रास्त आक्षेप असा की, एवढं करून चाचणीने साधलं काय? संसर्ग झालेली माणसं तरीही जहाजावर चढलीच. आक्षेपाला आधार आहे. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी 2020मध्ये दाखवलं होतं की संसर्गानंतर चौथ्या दिवशीही आरटीपीसीआर 67 टक्के वेळा खोटं निगेटिव्ह देऊ शकते, आणि आठव्या दिवशीही हे प्रमाण 20 टक्के राहतं. जून 2021मध्ये सेंट मार्टिनहून निघालेल्या ‘सेलिब्रिटी मिलेनियम’वरचे प्रौढ प्रवासी लस घेतलेले आणि चढताना निगेटिव्ह होते, तरी सफरीच्या शेवटी एकाच केबिनमधले दोघं पॉझिटिव्ह निघाले. उलट दिशेची चूकही घडली. डिसेंबर 2020मध्ये सिंगापूरहून निघालेल्या ‘क्वांटम ऑफ द सीज’वर 83 वर्षांचे एक गृहस्थ पॉझिटिव्ह आले. जहाज माघारी वळवलं, सगळ्या प्रवाशांना केबिनमध्ये कोंडलं, आणि किनाऱ्यावर फेरतपासणीत त्यांना संसर्ग नसल्याचं कळलं.

पण यावरून चाचणी निरर्थक ठरत नाही. ती हमी नव्हती, चाळण होती. गव्हाच्या चाळणीतून एखादा खडा निसटतो म्हणून कुणी न चाळता दळायला टाकत नाही. चाळण किती वेळा आणि कधी फिरवायची, एवढाच प्रश्न. संसर्ग ताजा असताना केलेली चाचणी फसते, हे मान्य केलं की अमेरिकेने मुदत तीन दिवसांवरून एकावर का आणली, तेही पटतं: चाचणी प्रवासाच्या जितकी जवळ, तितकी मधली फट लहान. ज्या नियमाने आपल्या जोडप्याला दोनदा नाक पुढे करायला लावलं, त्याला वैद्यकीय अर्थ होता. तक्रार करायचीच तर ती चाचणीबद्दल नको, तिच्या तारखा कुणी कुणाला विचारून ठरवल्या नाहीत याबद्दल हवी.

दुसरा आक्षेप नेहमीचा: एवढी डोकेफोड आपण कशाला करायची, टूर कंपनी असते ना? चांगली कंपनी बरंच काही सांभाळते, हे खरं. पण विमानतळावरचा कर्मचारी कागद तपासतो तो ‘टिमॅटिक’ नावाच्या, विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या माहितीसाठ्यावरून. त्यात देशांचे प्रवेशनियम असतात, जहाजाचे नसतात. विमानात बसू दिलं याचा अर्थ जहाजावर बसू देतील असा होत नाही. आणि जहाजावर बसलात म्हणजे बंदर उतरू देईल असंही नाही. जानेवारी 2022मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या एका क्रूझवरच्या सुमारे दोन हजार जणांची मुरगाव बंदरात चाचणी झाली, 66 जण पॉझिटिव्ह निघाले आणि जहाज गोव्यात उतरणाऱ्यांसह माघारी मुंबईला आलं. तिकिटावर काय छापलं होतं याला तिथे काही किंमत नव्हती.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: हे सगळं संपलं आहे. अमेरिकेने विमानप्रवाशांची चाचणी जून 2022मध्ये आणि लसीची अट मे 2023मध्ये काढली. भारताने ‘एअर सुविधा’ 22 नोव्हेंबर 2022ला बंद केलं. पण पुढे काय झालं ते पाहावं. चीनमध्ये साथ उसळली तेव्हा भारताने 29 डिसेंबर 2022ला जाहीर केलं की चीन, हाँगकाँग, जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर आणि थायलंडहून येणाऱ्यांना 1 जानेवारीपासून पुन्हा आरटीपीसीआर लागेल. नव्या वर्षासाठी सिंगापूरहून क्रूझवर गेलेला माणूस निघाला तेव्हा अशी अटच नव्हती. तो समुद्रावर असताना ती जन्माला आली. दीड महिन्याने, 13 फेब्रुवारीला, ती गेलीही.

काही अटी तर कोव्हिडच्याही आधीच्या आहेत आणि आजही लागू आहेत. ब्राझील किंवा केनियासारख्या देशातून भारतात परतणाऱ्याकडे यलो फीवरच्या लसीचं प्रमाणपत्र नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याचा अधिकार आपल्या आरोग्य अधिकाऱ्यांना आहे. एकदा घेतलेली लस जन्मभर ग्राह्य धरली जाते, पण प्रमाणपत्र लागू होतं ते लस घेतल्याच्या दहाव्या दिवसापासून, आणि ती सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. रिओहून क्रूझ घेणाऱ्याने निघण्याच्या आठवड्यात चौकशी केली तर वेळ गेलेली असू शकते. क्रूझ कंपनीच्या कागदपत्रांच्या यादीत हे कार्ड असेलच असं नाही. तिचा संबंध तुम्ही रिओला जहाजावर चढण्याशी आहे. तुम्ही मुंबईत परत उतरता तेव्हा तिचं काम संपलेलं असतं.