या घागरीत वैनगंगा आहे का?

गाणे पाठ व्हायला चाल पुरते. अर्थावाचून काही अडत नाही. गणपतीच्या आरतीत संकटाच्या जागी ‘संकष्टी’ घालून मोकळे होणारे भाविक घरोघरी सापडतील, आणि तेवढ्यावरून गणराय कुणावर रागावल्याचे ऐकिवात नाही. भावगीत असो, लावणी असो, नाहीतर सिनेमातले गाणे असो, आपण ते गुणगुणतो, आंघोळ करताना म्हणतो, लग्नात वाजवतो. त्यातल्या एखाद्या शब्दाशी थांबून ‘म्हणजे काय हो?’ असे विचारणारा मात्र विरळा.

पूर्वी असे नव्हते. अर्थ सांगणे हा आपल्याकडे गाण्याचाच भाग होता. कीर्तनकार एक अभंग घेऊन उभा राहिला की दोन-दोन तास त्याचे निरूपण चाले. कलगीवाल्यांनी गाण्यातून कूट घातले की तुरेवाल्यांनी त्याचा उलगडा गाण्यातूनच करायचा. करता आला नाही तर रात्र हरली! मग ग्रामोफोन आला. त्याच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. गाणे मावले, निरूपण बाहेर राहिले. पुढे रेडिओ आला, कॅसेट आली, आता खिशातला मोबाइल आला, पण ते बाहेर राहिलेले निरूपण काही परत आले नाही.

त्यामुळे कधीकधी मोठी गंमत होते. १९३६ साली प्रभातचा ‘संत तुकाराम’ चित्रपट आला. त्यात विष्णुपंत पागनीसांच्या तोंडी बीज आणि वृक्ष यांचे एक गीत आहे. ते लिहिले शांताराम आठवले यांनी, खास त्या चित्रपटासाठी. पण ते इतके तुकोबांच्या वळणाचे उतरले की भल्याभल्यांनी तो तुकोबांचाच अभंग मानला. शब्द तेच, चालही तीच. पण ते कुणाचे समजून ऐकायचे यावर अर्थाची जात बदलते. तुकोबांचे म्हणून ऐकले तर ते अनुभवाचे बोल होतात आणि आठवल्यांचे म्हणून ऐकले तर एका कवीच्या कौशल्याला आपण दाद देतो.

एवढी प्रस्तावना केली ती एका गाण्यासाठी. हे गाणे आज मराठी मुलांच्या तोंडी रोज आहे, आणि तेही सरकारी निर्णयाने.

नागपूरचा कवी

३१ जानेवारी २०२३ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे राज्यगीत म्हणून स्वीकारले. त्याच वर्षीच्या १९ फेब्रुवारीला, म्हणजे शिवजयंतीला, तो निर्णय अमलात आला. मूळ गीत तीन कडव्यांचे. राज्यगीतात त्यातली दोन घेतली आहेत. शब्द राजा बढे यांचे, संगीत श्रीनिवास खळे यांचे आणि आवाज शाहीर कृष्णराव साबळे यांचा. संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत नि राज्य जन्माला आले त्या दिवसांत ते गाजले.

शाहीर साबळे वाईजवळच्या पसरणीचे. त्यांचा डफ आणि आवाज इतका सह्याद्रीचा की गाणेही सह्याद्रीचेच असावे अशी ऐकणाराची समजूत होते. पण राजा बढे (१९१२–१९७७) जन्माने नागपूरकर! आशा भोसल्यांच्या आवाजातले चांदण्याचे हळुवार भावगीत त्यांचे, आणि सुलोचना चव्हाणांची विड्याची ठसकेबाज लावणीही त्यांचीच. शिवाय हालाच्या ‘गाथासप्तशती’चा मराठी भावानुवाद त्यांनी ‘शेफालिका’ या नावाने केला. ही शेवटची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे.

आता हे गाणे आपण भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीत बसून ऐकू. लाखनी हे तालुक्याचे गाव, भंडारा आणि साकोली यांच्या मधले, मुंबई-कोलकाता हमरस्त्यावरचे. भोवती धानाच्या बांध्या, तलाव आणि बोड्या. इथून रायपूर जवळ, पुणे लांब. सह्याद्री इथल्या पोराने पाहिला असला तर पुस्तकातल्या चित्रात किंवा सहलीत! परिपाठाला तो हे गाणे म्हणतो तेव्हा त्यातले त्याचे स्वतःचे असे काय आहे, हा प्रश्न काही खोडसाळ नाही.

सहा नद्या, सातवी कुठे?

गाण्याच्या आरंभीच सहा नद्यांची नावे येतात. कृष्णा, कोयना आणि गोदावरी सर्वांच्या ओळखीच्या. रेवा म्हणजे नर्मदा. वरदा म्हणजे आपली वर्धा. राहिली भद्रा. हे नाव घेतले की आज आपल्याला कर्नाटकातली, तुंगेला मिळून तुंगभद्रा होणारी नदी आठवते.

भूगोलाचे पुस्तक उघडून बसलेला माणूस इथेच अडेल. नर्मदा महाराष्ट्राला शिवते ती नंदुरबार जिल्ह्यात, तीही सीमेवरून, जेमतेम ५४ किलोमीटर. मग पहिला मान तिला कसा? आणि भद्रा तर राज्याच्या बाहेर! कवीचा नकाशा चुकला काय?

चुकला नाही. त्याचा नकाशा वेगळा आहे. गाथासप्तशती ही महाराष्ट्री प्राकृतातली, आपल्या भाषेच्या आजीच्या बोलीतली गाणी. त्यांत गोदावरी आहे आणि रेवाही आहे. कालिदासाचा मेघ रामगिरीहून निघतो. हा रामगिरी म्हणजे आपले रामटेक, अशी परंपरा आहे. तो उत्तरेकडे जाताना विंध्याच्या पायथ्याशी जी नदी पाहतो तीही रेवाच. ज्याने गाथासप्तशती मराठीत आणली, त्याने ‘नर्मदा’ न म्हणता ‘रेवा’ म्हटले यात नवल नाही. त्याने महाराष्ट्र मोजला तो महसूल खात्याच्या साखळीने मोजला नाही. मराठीची आठवण जिथवर पोचते तिथवरचा त्याने घेतला.

मग वैनगंगा? ती तर भंडाऱ्याच्या अंगावरून वाहते, पवनीला वळसा घालते. चुलबंदीसारख्या नद्या इकडचे पाणी नेऊन तिलाच देतात. लाखनीच्या शिवारातला पाऊस शेवटी जातो तो वैनगंगेतच. तिचे नाव गाण्यात नाही. नागपूरच्या कवीला ती ठाऊक नसेल असे कोण म्हणेल?

पण पाण्याचा पुढचा प्रवास पाहा. वैनगंगा दक्षिणेला वाहत जाते आणि गडचिरोली जिल्ह्यात चपराळ्याजवळ तिला वर्धा भेटते. दोघी मिळून प्राणहिता होतात. ही प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते, आणि गोदावरीच्या उपनद्यांत सर्वांत मोठी तीच. म्हणजे गाण्यात वर्धा आली, गोदावरी आली, आणि त्या दोघींच्या मधोमध वैनगंगा वाहते आहे; फक्त नाव न सांगता. नदीच्या नावापुढे कवी जे म्हणतो ते हेच, की या वेगवेगळ्या नद्या मातीच्या घागरींत जे पाणी भरतात ते एकपणाचे.

घागर हा शब्दही साधा नाही. संतांच्या भाषेत घट म्हणजे देह. मातीची घागर म्हणजे मातीचा माणूस, गरीब माणूस. तांब्या-पितळेच्या हंड्यांची ही गोष्ट नव्हे. झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ होतो, म्हणून लाखनीकडचा मुलगा ‘पाणी’ न म्हणता ‘पानी’ म्हणेल. म्हणू द्या! घागर भरली म्हणजे झाले.

तट्टू आणि तख्त

पुढे भीमथडीच्या तट्टांना यमुनेचे पाणी पाजण्याचे आवाहन आहे. थडी म्हणजे नदीचा काठ. गोदावरीची ती गंगथडी आणि भीमेची भीमथडी. दौंड-बारामतीकडचा तो मुलूख. तट्टू म्हटले की आज आपल्याला भाडोत्री माणूस आठवतो, किंवा ओझ्याखाली वाकलेले मरतुकडे जनावर. पण मराठ्यांची दौड झाली ती या बुटक्या, काटक, मिळेल त्या चाऱ्यावर जगणाऱ्या तट्टांवर. अरबी घोड्याची ऐट कवीला नको होती. घागर जशी मातीची, तसा घोडाही गरिबाचाच.

यमुनेचे पाणी ही तरी नुसती कविकल्पना आहे का? १७३७ साली बाजीराव दिल्लीच्या वेशीवर जाऊन धडकला. १७५८ साली मराठी फौजा अटकेपर्यंत पोचल्या. तट्टांनी ते पाणी खरोखरच प्यायले होते.

आणि आता ज्या शब्दावर सगळे कडवे तोलले आहे तो शब्द. दिल्लीच्या तख्ताचे महाराष्ट्र काय करतो? आवेशात गाणारांना वाटते, तख्त फोडतो. कवीने योजलेले क्रियापद ‘राखणे’ आहे. शेत राखतात, गुरे राखतात, तसे तख्त राखायचे! १७५२ च्या करारान्वये मराठ्यांनी दिल्लीच्या बादशाहीच्या रक्षणाची जबाबदारी घेतली. १७६१ च्या पानिपतामागे हीही एक गोष्ट होती. पुढे १७७२ साली परागंदा शहाआलम महादजी शिंद्यांच्या पाठबळावर दिल्लीला परतला. १७८८ मध्ये गुलाम कादिराने त्याचे डोळे काढले, तेव्हाही त्याला पुन्हा तख्तावर बसवले ते मराठ्यांनीच. १८०३ साली इंग्रजांनी दिल्ली घेईपर्यंत हे चालले. एक क्रियापद बदलले की गाण्याचा स्वभाव बदलतो. फोडणे म्हटले की नुसता राग उरतो, आणि राखणे म्हटले की झिजणे आले, पहारा आला, बदल्यात काही न मागणे आले. त्याच कडव्यात कवी देशासाठी झिजण्याची गोष्ट का करतो, हेही मग कळते.

काळी छाती आणि लाखनीची माती

कवीने काळ्या छातीवर लेणी कोरल्याचे सांगितले आहे. छाती काळी, कारण खडक काळा. लाव्हारसाच्या त्या कातळात अजिंठा, वेरूळ, कार्ले खोदले गेले. हा काळा कातळ नागपूरच्या आसपास संपतो. लाखनी-साकोलीकडचा खडक त्याहून कितीतरी जुना. भूशास्त्रात ‘साकोली’ नावाचा खडकांचा एक गटच आहे. म्हणजे ही छाती इथल्या पोराची नव्हे?

अभिमानाचे लेणे म्हणजे केवळ डोंगरातली गुहा नव्हे. याच जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी पवनीला १९६९-७० मध्ये उत्खनन झाले आणि दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा बौद्ध स्तूप उजेडात आला. आणि माजी मालगुजारी तलाव, ज्यांना आता सारे ‘मामा तलाव’ म्हणतात, ते कोहळी लोकांनी बांधले. पाण्याची उतरण नुसत्या नजरेने जोखून घातलेल्या त्या पाळी हे लेणेच आहे. ते डोंगरावर कोरले नाही, जमिनीवर कोरले, एवढेच.

बाकी उन्हात शिजणे नि घामाने भिजणे या शब्दांचे निरूपण लाखनीला नको. पाठ वाकवून, गुडघाभर चिखलात उभे राहून दिवसभर रोवणी करणाऱ्या बायांना तो अर्थ कवीच्या आधी ठाऊक आहे. तसेच अस्मानी-सुलतानीचे. आपली म्हण दोन संकटे वेगळी मानते, एक आभाळाचे आणि एक राजाचे. बढ्यांनी दोन्ही एकत्र करून आभाळालाच सुलतान केले. पऱ्हे टाकून पावसाची वाट बघणाऱ्याला ही सुलतानी समजावून सांगावी लागत नाही.

एकपणाची किंमत

आता एक नाजूक गोष्ट. भंडारा जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. मग द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने विदर्भाचे वेगळे राज्य करण्याची शिफारस केली होती. त्याआधी, १९५३ च्या सप्टेंबरात, नागपूर करार झाला होता. विदर्भाला काय मिळेल याची वचने त्यात होती. ती किती पाळली गेली यावर पूर्व विदर्भात आजही तावातावाने वाद होतात आणि वेगळ्या राज्याची मागणीही अधूनमधून उठते.

हे ध्यानात घेतले की एकपणाच्या पाण्याचा अर्थ बदलतो. तो शब्द वस्तुस्थितीचे वर्णन म्हणून ऐकला तर लाखनीचा माणूस हसेल. पण आरंभीचे क्रियापद ‘गर्जा’ असे आज्ञार्थी आहे, तट्टांना पाणी ‘पाजा’ असेही आज्ञार्थीच. हे गाणे काही झाले आहे असे सांगत नाही. करा, म्हणून सांगते. घागर भरण्याचे काम पुरे झाले असे कवी म्हणालेला नाही. ते कुणी करायचे, हे त्याने ऐकणारावर सोपवले आहे. पश्चिमेकडच्यांनी ते असे ऐकले तर त्यांच्यावर जबाबदारी येते, आणि पूर्वेकडच्यांनी असे ऐकले तर त्यांना विचारण्याचा हक्क मिळतो.

म्हणून गुरुजींना एक विनंती. परिपाठाला गाणे रोज म्हटले जाणारच. आठवड्यातून एकदा त्यातला एक शब्द घेऊन पाच मिनिटे निरूपण करावे. कधी फळ्यावर नदी काढावी, कधी तट्टू काढावे, कधी ‘फोडणे’ आणि ‘राखणे’ असे दोन शब्द शेजारी लिहून मुलांनाच फरक विचारावा. भाऊबीज झाली की झाडीपट्टीत गावोगाव मंडया भरतील, दंडारी उभ्या राहतील, रात्र-रात्र नाटके होतील. शब्द ऐकून अर्थाला दाद देण्याची सवय इथल्या लोकांना शिकवावी लागत नाही; ती अजून जिवंत आहे.

आणि एखाद्या दिवशी एखादी मुलगी उभी राहून म्हणेल, ‘गुरुजी, यात आपली वैनगंगा काऊन नाही?’ तेव्हा तिला गप्प बसवू नये. नकाशा भिंतीवरून उतरवावा, तिचे बोट धरून ते भंडाऱ्यावरून पवनीला न्यावे, तिथून चपराळ्याला आणि सिरोंच्याला.