सड्यावरची अमानत

पेरू देशातल्या नाझ्का वाळवंटातील चित्रे आपल्या शाळकरी मुलांना ठाऊक असतात. माकड, कोळी, पक्षी अशा जमिनीवर कोरलेल्या प्रचंड आकृत्या त्यांनी टीव्हीवर पाहिलेल्या असतात. पण कोल्हापूरहून आंबा घाट उतरल्यावर रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर अशीच चित्रे आहेत, हे वर्गात विचारले तर फार थोडे हात वर होतात.

नाझ्काची चित्रे जगापुढे नीट मांडणारी व्यक्ती एक शिक्षिकाच होती. जर्मनीच्या मारिया राइश यांचे शिक्षण गणिताचे. १९३२ मध्ये त्या एका जर्मन अधिकाऱ्याच्या मुलांना शिकवण्यासाठी पेरूला गेल्या. पुढे वाळवंटातल्या रेषा पाहिल्या आणि तिथेच थांबल्या. एकटीने झाडू घेऊन रेषा साफ करायच्या, मोजायच्या, नकाशावर उतरवायच्या, हेच त्यांचे आयुष्य झाले. तोवर महामार्ग एका सरड्याच्या आकृतीला कापून गेलाही होता. १९९४ मध्ये नाझ्काला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. १९९८ मध्ये मारियाबाईंचे निधन झाले.

कोकणात हे काम सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि प्रा. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी नोकरी-व्यवसाय सांभाळून केले. गावोगाव फिरून गुराख्यांना, वयस्कर माणसांना विचारत त्यांनी सडे पालथे घातले. काही चित्रे गावाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती, काही माती-गवताखाली झाकली गेली होती. आज हजाराहून अधिक आकृत्यांची नोंद आहे. नाझ्काला वरचे काळे दगड बाजूला सारून खालची फिकट जमीन उघडी केली आहे. आपल्याकडे मात्र जांभ्या कातळातच खोदकाम आहे, म्हणून यांना कातळशिल्पे म्हणतात.

कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. त्याच्या आत इतर अनेक प्राणी आणि मासे कोरलेले आहेत. बारसूला दोन वाघांच्या मधे उभा माणूस आहे. काही ठिकाणी गेंडाही दिसतो. आज कोकणात गेंडा नाही, म्हणजे हे कोरणाऱ्यांनी वेगळेच कोकण पाहिले होते. यांतली काही चित्रे दहा हजार वर्षे किंवा त्याहून जुनी असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत नऊ ठिकाणे गेली. सात रत्नागिरी जिल्ह्यातली, एक सिंधुदुर्गातले कुडोपी आणि एक गोव्यातले.

गेल्या हिवाळ्यात मी उक्षीचा हत्ती पाहायला एकटीच थांबले. गावाच्या पुढाकाराने त्याच्याभोवती जांभ्याची भिंत उभी राहिली आहे. दुपारी डोक्यावर ऊन असताना रेषा पुसट दिसतात. ऊन तिरपे झाले की सावली खोदीत उतरते आणि हत्ती जमिनीतून वर येतो. म्हणून सकाळी लवकर किंवा अस्रच्या सुमारास जावे.

प्रत्येक चित्राच्या नशिबी अशी भिंत नाही. बहुतेक सडे खासगी मालकीचे आहेत. चिरेखाण, आंब्याची बाग, रस्ता, घर यांसाठी कातळ फुटतो. २०२३ मध्ये बारसूला तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या माती परीक्षणावरून आंदोलन पेटले, तेव्हा तिथल्या कातळशिल्पांचा प्रश्नही ऐरणीवर आला. या सड्यांवर आपल्या कोकणी मुस्लिम कुटुंबांच्याही जमिनी आहेत. मुलगा आखातात, घरी म्हातारे आईवडील, आणि खाणीसाठी विचारणारा दारात उभा, हे चित्र अनेक घरांचे आहे. पैशाची गरज खरी असते. पण यंत्राचे पाते एका दिवसात जे कापते, ते कोणत्याही किमतीला परत मिळत नाही.

काहीजण विचारतात, ही तर जुन्या लोकांची प्राण्यांची चित्रे, आपला त्यांच्याशी काय संबंध? जतन करणे म्हणजे पूजा करणे नव्हे. जमिनीवर फिरा आणि आपल्याआधीच्या लोकांचे काय झाले ते पाहा, असे कुरआन पुन्हा पुन्हा सांगतो. पाहायला काही उरले तरच इबरत घेता येईल.

तेव्हा जमीन विकण्याआधी किंवा खाणीला देण्याआधी पावसाळ्यानंतर एकदा सडा नीट फिरून पाहा. खोदलेली रेषा दिसली तर ग्रामपंचायतीला आणि रत्नागिरीच्या पुरातत्त्व कार्यालयाला लेखी कळवा. अर्जाची पोच घ्या. पाहायला जाणाऱ्यांनी चित्रावर पाय ठेवू नये, फोटोसाठी रेषा खडूने किंवा चुन्याने भरू नयेत. मुलांना सोबत न्या, त्यांना मोजू द्या, वहीत काढू द्या. सातबारावर नाव आपले असले तरी ही अमानत आपल्याआधीच्यांची आहे, आणि ती पुढच्यांच्या हाती द्यायची आहे.