उत्खनकाचे दात व कर्तन-कडा

जमीन, मुरूम, खडक अथवा खनिज खणून उचलणाऱ्या यंत्राच्या बकेटच्या पुढील ओठावर बसविलेले, झिजण्यासाठीच योजलेले आणि झिजल्यावर बदलता येणारे पोलादी भाग. बकेट जमिनीला प्रथम भिडते ती याच भागांनी. यंत्राच्या एंजिनाची सर्व शक्ती अखेरीस या चार-पाच टोकांच्या अल्प क्षेत्रफळावर एकवटते. त्यामुळे यंत्राच्या एकूण किंमतीच्या मानाने क्षुल्लक असलेल्या या भागांवर कामाचा वेग, इंधनाचा खप आणि खुद्द बकेटचे आयुष्य अवलंबून असते. फ्रान्समधील पोक्लँ या कंपनीच्या नावावरून महाराष्ट्रात साखळपट्ट्यांवर चालणाऱ्या कोणत्याही उत्खनकाला ‘पोकलेन’ म्हणण्याचा प्रघात आहे. अशा २० टन वजनाच्या यंत्राच्या सु. १ घ. मी. धारणाशक्तीच्या बकेटला साधारणपणे पाच दात असतात.

रचना : बकेटच्या जाड ओठावर अडॅप्टर हा भाग वितळजोडाने कायम बसविलेला असतो. त्याचे पुढचे टोक निमुळते असून त्यास नाक म्हणतात. आतून पोकळ असलेला दात टोपीसारखा या नाकावर चढवून आडव्या किंवा उभ्या पिनेने अडकवितात. पिन निसटू नये म्हणून पोलादी कडी किंवा रबराची कळ वापरतात. दात झिजावा, नाक झिजू नये आणि ओठाला तर झळही लागू नये, हे या तीन पायऱ्यांच्या रचनेमागील तत्त्व होय. खडकाच्या कामात दोन दातांमधील ओठावर संरक्षक कवचे व बकेटच्या दोन्ही कडांवर बाजूची कर्तकेही बसवितात.

झीज व जमिनीचे स्वरूप : दातांची निवड यंत्रापेक्षा जमिनीवर अधिक अवलंबून असते. दात दोन प्रकारे निकामी होतो. कठीण कणांच्या घर्षणाने तो हळूहळू खरवडला जातो (अपघर्षण), किंवा आघाताने त्याचा टवका उडतो वा तो मुळापासून मोडतो. खडक हाताला टणक लागला म्हणजे तो दात लवकर झिजवील, असे मात्र नाही. झिजेच्या बाबतीत निर्णायक ठरते ते त्यातील क्वॉर्ट्झचे प्रमाण. विकर्स मापक्रमावर क्वॉर्ट्झची कठिनता १,००० हून अधिक, तर कठिनीकरण केलेल्या दाताची ५०० ते ५५० च्या आसपास असते. म्हणजे वाळूचा प्रत्येक कण दातावर ओरखडा काढू शकतो. दख्खनचा बेसाल्ट प्लॅजिओक्लेज व पायरोक्सीन या क्वॉर्ट्झपेक्षा मऊ खनिजांचा बनलेला असून त्यात मुक्त क्वॉर्ट्झ जवळजवळ नसते (पोकळ्यांत भरलेल्या गारगोट्यांचा अपवाद सोडल्यास). सुरुंगाने फोडलेला बेसाल्ट दात झिजवितो त्यापेक्षा अधिक मोडतो, कारण त्याचे धारदार, जड धोंडे दातावर आदळतात. याउलट वर्धा खोऱ्यातील कोळशाच्या थरांवर असलेला कामठी वालुकाश्म सहज फुटतो, परंतु तोच दाताला अल्पावधीत बोथट करतो. कोकणातील व गोव्यातील जांभ्यात दात रुतणे हीच मुख्य अडचण असते. काळ्या मातीत झीज नगण्य असते. तेथे बकेटला चिकटणाऱ्या चिखलाचा त्रास अधिक होतो.

पोलादाची निवड : कठिनता व चिवटपणा हे गुण एकाच पोलादात एकदम कमाल प्रमाणात मिळत नाहीत आणि दातांच्या धातुविज्ञानाचा सर्व खटाटोप या दोहोंत तडजोड साधण्यासाठीच असतो. इंग्लंडमधील रॉबर्ट ॲबट हॅडफील्ड (१८५८–१९४०) यांनी १८८२ मध्ये शोधून काढलेल्या मँगॅनीज पोलादाने ही कोंडी वेगळ्याच मार्गाने फोडली. त्यात सु. १ ते १·४ टक्के कार्बन व ११ ते १४ टक्के मँगॅनीज असते. साधे पोलाद तापवून पाण्यात बुडविल्यास कठीण व ठिसूळ होते. हे पोलाद १,००० से. हून अधिक तापवून पाण्यात बुडविल्यास उलट चिवट बनते. त्याची मूळ ब्रिनेल कठिनता सु. २०० असते, पण आघात होत राहिले की पृष्ठभाग कठीण होत जाऊन ५०० किंवा त्याहून वर जातो व गाभा चिवटच राहतो. मात्र यासाठी आघात हवेत. केवळ वाळू उपसणाऱ्या यंत्राला असे दात लावल्यास ते मऊच राहतात व भराभर झिजतात. ‘सर्वांत उत्तम पोलाद’ म्हणून त्याची सरसकट शिफारस केली जाते ती यामुळेच चुकीची आहे.

आधुनिक जलीय उत्खनकांचे बहुतेक दात क्रोमियम, निकेल व मॉलिब्डेनम यांचे अल्प प्रमाण असलेल्या मिश्र पोलादाचे ओतीव किंवा घडीव असतात. शमन व पायन यांनी त्यांची ब्रिनेल कठिनता ४५० ते ५५० पर्यंत नेतात. आघाताच्या कामासाठी या पल्ल्यातील खालची व अपघर्षणासाठी वरची कठिनता पसंत करावी. केवळ पृष्ठभाग कठीण असलेला दात स्वस्त मिळतो, पण कठीण थर गेल्यावर त्याचे उरलेले आयुष्य फार थोडे असते.

आकार : सर्वसाधारण कामासाठी छिन्नीसारखा दात, घट्ट मुरुमात व जांभ्यात भाल्यासारखा टोकदार दात, सुट्या मातीत पसरट दात आणि खडकासाठी पाठीवर कणा असलेला जाड दात वापरतात. टोकदार दात चांगला रुततो, पण त्यात झिजण्याजोगा धातू कमी असतो. जाड दात टिकतो, परंतु रुतण्यास अधिक जोर मागतो. चांगल्या आकाराचा दात झिजतानाही आपले टोक राखतो.

कर्तन-कडा : सपाट तळ हवा असेल, कालवा साफ करावयाचा असेल किंवा भरणी-यंत्राने फरशीवरील माल उचलावयाचा असेल, तर दातांऐवजी सरळ पोलादी पट्टी वापरतात. भरणी-यंत्रे व बुलडोझर यांवर ती बोल्टांनी बसविलेली असते. तिच्या दोन्ही लांब बाजूंना धार असल्यास एक बाजू झिजल्यावर ती फिरवून लावता येते. मागील आधार-पट्टी घासू लागण्यापूर्वी, म्हणजे सु. १०–१५ मिमी. धातू शिल्लक असताना हे केले पाहिजे. त्या वेळी जुने बोल्ट पुन्हा वापरू नयेत. त्यांची डोकी झिजलेली असतात व पीळ पुरेसा बसत नाही.

बदलण्याची वेळ : मधल्या दातांपेक्षा कडेचे दात बहुधा लवकर झिजतात, तसेच दाताची जमिनीवर घासणारी बाजू अधिक झिजते. म्हणून सममित दात मधूनमधून उलटे करावे व कडेचे आणि मधले दात आपसांत बदलावे. बोथट दाताने यंत्र चालते, पण बकेट भरण्यास अधिक वेळ व डिझेल लागते. ही किंमत कोणत्याही बिलात वेगळी दिसत नसल्याने तिकडे दुर्लक्ष होते. दाताला भोक पडून आतील नाक दिसू लागणे ही बदलण्याची खूण मानली जाते, परंतु तोवर फार उशीर झालेला असतो. झिजलेल्या नाकावर नवा दात सैल बसतो, हलत राहतो, पिन तुटते आणि दात गळून पडतो. मग अडॅप्टरच कापून नवा जोडावा लागतो.

वितळजोडकाम : येथे पोलादाची जात माहीत असणे अत्यावश्यक आहे, कारण दोन पोलादांच्या गरजा परस्परविरुद्ध आहेत. मिश्र पोलादाचा अडॅप्टर जोडण्यापूर्वी तो व ओठ सु. १५०–२०० से. पर्यंत तापवावे लागतात आणि कोरड्या ठेवलेल्या, अल्प हायड्रोजनाच्या कांड्या वापराव्या लागतात. नाहीतर थंड झाल्यावर, कधी दुसऱ्या दिवशीही, जोडाशेजारी तडा जातो. ओठाच्या अगदी पुढच्या कडेपर्यंत जोड नेऊ नये, कारण भेगेची सुरुवात तेथूनच होते. मँगॅनीज पोलाद मात्र सु. २६० से. हून अधिक तापू दिल्यास कार्बाइडे सुटून ते ठिसूळ बनते, म्हणून ते थंड ठेवीत थोडे थोडे जोडावे. दातावर क्रोमियम कार्बाइडाचा कठीण थर चढवितात त्याच्या रेघा खडकाच्या कामात माल सरकण्याच्या दिशेने, तर वाळूच्या कामात तिला आडव्या घालतात. आडव्या रेघांमध्ये वाळू ठासून बसते व तीच दाताचे रक्षण करते.

गळलेला दात : दात गमावणे हे दाताच्या किंमतीपुरते नुकसान नसते. तो डंपरमधून दगडफोडी यंत्रात गेल्यास तेथे चिणून बसतो. अडकलेल्या धातूवर प्रचंड दाब साठलेला असतो आणि तो हातोड्याने किंवा वायुज्योतीने कापून काढताना उसळून कामगारांचे मृत्यू ओढवलेले आहेत. मँगॅनीज पोलाद चुंबकाला आकर्षिले जात नसल्याने पट्ट्यावरील चुंबकही ते उचलू शकत नाही. त्यामुळे चालकाने प्रत्येक डंपर भरून झाल्यावर बकेटचे दात मोजणे हाच सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. मोठ्या खाणींत आता यासाठी बकेटवर रोखलेले कॅमेरे वापरतात. दात बदलताना बकेट जमिनीवर टेकवून एंजिन बंद करावे लागते. कठीण पिनेवर घणाचा घाव बसताच पोलादाची कपची गोळीसारखी उडते, म्हणून डोळ्यांवर संरक्षक चष्मा आवश्यक असतो व आसपास दुसरे कोणी उभे राहू देत नाहीत. हा धोका टाळण्यासाठी पान्याने फिरवून अडकविण्याच्या, घण न लागणाऱ्या पिना प्रचारात आल्या आहेत. त्या महाग असतात आणि त्यांच्या खाचेत बसलेली घट्ट माती प्रत्येक वेळी साफ करावी लागते.