रेषेबाहेरचा गोल

आमच्या घरीं चौदा माणसें आहेत आणि त्यांपैकीं बाराजणांना फुटबॉल कळत नाहीं. उरलेले दोघे म्हणजे मी आणि माझा पुतण्या. सातपुड्याच्या पायथ्याकडच्या आमच्या वरवट बकाल गांवीं मुलांच्या हातीं बॅट सहज दिसेल. फुटबॉलचें वेड घेऊन येथें राहणें म्हणजे एकादशीच्या दिवशीं घरांत कांद्याचीं भजीं मागण्यासारखें आहे.

हें वेड मला कोल्हापुरास जडलें. शिक्षणाच्या निमित्तानें मी चार वर्षें त्या शहरीं होतों. तेथें कुस्तीच्या तालमींचेच फुटबॉलचे संघ आहेत. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल हीं नांवें घेतांना तेथला मनुष्य जणूं आपलें गोत्रच सांगतो! शाहू स्टेडियमवर एका पेठेचा संघ दुसऱ्या पेठेच्या संघाशीं भिडला म्हणजे बसावयास जागा मिळण्याची मारामार. त्याच मातींतला अनिकेत जाधव 2017 सालीं सतरा वर्षांखालील विश्वचषकांत भारताकडून खेळला, तेव्हां मला घरचें कार्य असल्यासारखा आनंद झाला. पंचांना शिव्या मोजण्याची विद्याही मी कोल्हापुरांतच शिकलों, हें मात्र मातोश्रींना अद्याप ठाऊक नाहीं.

ती विद्या ता. 11 जून 2024 च्या रात्रीं उपयोगास आली. दोहा येथें कतारशीं आपला सामना होता. जिंकलों असतों तर विश्वचषकाच्या पात्रता-स्पर्धेची तिसरी फेरी आपणांस गांठतां आली असती. पांचच दिवसांपूर्वीं सुनील छेत्री कलकत्त्यास निरोपाचा सामना खेळून निवृत्त झाला होता. त्यामुळें मन आधींच हळवें झालेलें. ओसरीवर फोन भिंतीला टेकवून मी, पुतण्या आणि शेजारचा एक मुलगा असे तिघे बसलों. सदतिसाव्या मिनिटास छांगटेनें गोल केला. मी असा ओरडलों कीं माजघरांतून मातोश्रींनीं विचारलें, "काय पडलें रे?"

जें पडावयाचें तें पुढें पडलें. त्र्याहत्तराव्या मिनिटास चेंडू आपल्या गोलरक्षकाजवळून, गोलाच्या खांबाला लागून असलेली रेषा ओलांडून बाहेर गेला. आपले खेळाडू थांबले. तेवढ्यांत कतारच्या एका गड्यानें तो पायानें आंत ओढला, दुसऱ्यानें जाळ्यांत ढकलला, आणि पंचांनीं गोल दिला! पंचाऐंशीव्या मिनिटास त्यांनीं आणखी एक गोल केला व आपण 2-1 असे हरलों. आपल्या महासंघानें तक्रार केली. निकाल कांहीं बदलला नाहीं. शेजारचा मुलगा मला विचारीत होता, "काका, बॉल बाहेर गेलता, मंग गोल काहून देल्ला?" त्याला काय उत्तर द्यावें? त्या रात्रीं मी जेवलेलें अन्न पचलें नाहीं, आणि सकाळीं आमच्या मंडळींनीं "एका चेंडूसाठीं इतकें?" असें म्हणून चहाचा पेला पुढें सरकविला.

इतकें कां, तें सांगतों. क्रिकेटमध्यें पंच चुकला तर एक गडी जातो. मागें दुसरे असतात, शेंकडों धावा असतात, चूक त्यांत विरून जाते. फुटबॉलमध्यें नव्वद मिनिटें धांवून मिळकत काय, तर दोन किंवा तीन गोल. कित्येकदां तेवढीही नाहीं. ज्या घराची मिळकत इतकी थोडी, तेथें एक खोटी पावती सर्व संसार बुडविते. आणि गंमत अशी, कीं गोल दुर्मिळ म्हणूनच तो झाला म्हणजे अंगावर कांटा उभा राहतो. ज्या गुणानें हा खेळ मला आवडतो, त्याच गुणानें पंचाची चूक मला सोसत नाहीं.

पंचाची ही सत्ता मुळापासूनची नव्हे. इंग्लंडांत पूर्वीं प्रत्येक संघ आपापला पंच आणी, आणि त्या दोघांचें जमलें नाहीं म्हणजे वाद मैदानाबाहेरच्या तिसऱ्या गृहस्थाकडे जाई. रेफरी म्हणजे ज्याच्याकडे वाद सोपवावयाचा तो. 1891 सालीं त्याला मैदानांत आणून सर्वाधिकार दिले आणि ते दोघे निशाण घेऊन रेषेवर उभे राहिले. गोलामागचें जाळेंही त्याच सुमाराचें. चेंडू खांबांच्या आंतून गेला कीं बाहेरून, ह्यावर भांडणें होत, म्हणून लिव्हरपूलच्या ब्रॉडी नांवाच्या अभियंत्यानें ती युक्ति काढली. पुढें 2014 च्या विश्वचषकांत गोलरेषेवर यंत्र आलें, 2018 च्या विश्वचषकांत चित्रफीत पाहून चूक दाखविणारे पंच आले. दोह्याच्या सामन्यास मात्र ही चित्रफितीची सोय नव्हती.

पंचांच्या चुकांत सर्वांत विख्यात चूक ता. 22 जून 1986 ची. मेक्सिकोंत मॅराडोनानें इंग्लंडविरुद्ध चक्क हातानें गोल केला. ट्युनिशियाचे पंच अली बिन नासर ह्यांना हात दिसला नाहीं; रेषेवरच्या पंचानेंही निशाण उचललें नाहीं. पण चारच मिनिटांनीं त्याच मॅराडोनानें आपल्या अर्ध्या मैदानांतून निघून, इंग्लंडच्या गड्यांना चुकवीत दुसरा गोल केला. तसला गोल पुन्हां पाहावयास मिळेल असें मला वाटत नाहीं. ती धांव चालू असतां नासरांनीं शिट्टी वाजविली नाहीं, ही गोष्ट कोणी ध्यानांत घेत नाहीं. शिट्टी वाजती तर काय गमावलें असतें! 2015 सालीं मॅराडोनानें त्यांच्या घरीं जाऊन त्यांना सहीचा सदरा दिला. (तो चेंडू नासरांनीं जपून ठेवला होता, 2022 सालीं तो सुमारें वीस लक्ष पौंडांस गेला. चूक करावी तर अशी!)

हें सर्व ज्ञान मला होतें, तरी गेल्या वर्षीं पऱ्हाट्या उपटलेल्या वावरांत मुलांचा सामना ठरला व त्यांनीं माझ्या गळ्यांत शिट्टी अडकविली, तेव्हां तें कांहीं कामास आलें नाहीं. गोलास दोन-दोन बांबू, रेषा चुन्याची, जाळें नाहीं. खेळ संपत आला असतां पुतण्यानें उजव्या बाजूनें चेंडू मारला. मी वीस पावलें मागें होतों, डोळ्यांवर मावळतीचें ऊन, मध्यें दोन मुलें. चेंडू बांबूच्या बाहेरून गेला असें मला वाटलें, आणि मी गोल नाकारला. खरें म्हणजे पुतण्याला गोल दिला तर लोक काय म्हणतील, हेंही त्या क्षणीं मनांत आलें होतें.

त्याचा संघ हरला. घरीं येतांना तो माझ्यापुढें दहा हात चालत होता. रात्रीं शेजारच्या मुलानें फोनवर घेतलेलें चित्रण मला दाखविलें. चेंडू सरळ आंतून गेला होता. मी तें तीन वेळां पाहिलें.

मीं पुतण्याजवळ चूक कबूल केली. "तुम्हांला दिसलें नाहीं, कीं तुम्हीं दिलें नाहीं?" असें त्यानें विचारलें. ह्या प्रश्नाचें उत्तर मला आजही नीट देतां येत नाहीं; त्या दिवशीं तर मी गप्पच बसलों. तो दोन दिवस बोलला नाहीं.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं मागच्या पडवींत कांद्याच्या रिकाम्या जाळीदार पिशव्यांचा ढीग घेऊन तो बसला होता. मातोश्री दाभण ओंवून देत होत्या. त्यानें वर न पाहतांच एक पिशवी माझ्याकडे टाकली आणि म्हणाला, "काका, ही उसवा. दोन्ही गोलांना पुरल्या पाहिजेत."