आधी वाळू काढा, मग वंगण घाला

मालाडहून मार्वेला यावे, खाडी ओलांडणाऱ्या बोटीत बसावे, की थोड्याच वेळात मनोरी येते. हे गाव मुंबई उपनगरात मोडत असले तरी उतरल्यावर डोळ्यांसमोर येतात ते माड, मासळीच्या होड्या, पावसाळ्यात भाताची खाचरे आणि पलीकडे लांबलचक वाळूचा किनारा. सुट्टीच्या दिवसांत या किनाऱ्यावर एखादे पोर हातात रिमोट घेऊन उभे असते आणि त्याची मोठ्या चाकांची खेळण्यातली गाडी वाळूचे ढीग चढत-उतरत असते. मोठी माणसेही क्षणभर थांबून बघतात.

पण वाचकहो, या खेळाचा दुसरा दिवस कसा असतो ते ठाऊक आहे? गाडी घरघरते. मोटर फिरल्याचा आवाज येतो, पण चाके हलत नाहीत. पोर रडकुंडीला येते. घरातले कोणी म्हणते, "तेल घाला, सुटेल." मग खोबरेल तेल म्हणा, ट्रॅक्टरचे ग्रीस म्हणा, हाताला लागेल ते दातेरी चाकांवर थापले जाते. गाडी तासभर बरी चालते आणि मग कायमची बसते.

चूक कुठे झाली? वाळू न काढता वंगण घातले, तिथे. हीच चूक आपण शेतातल्या यंत्रांतही करतो आणि तिथे ती फार महाग पडते. म्हणून हा लेख आहे खेळण्याविषयी, पण तो घरातल्या मोठ्यांनीही वाचावा.

या गाड्या आल्या कुठून?

दूरवरून, तार न जोडता यंत्र चालवण्याची कल्पना जुनी आहे. निकोला टेस्ला यांनी 1898 साली न्यूयॉर्कमध्ये रेडिओलहरींवर चालणारी छोटी बोट लोकांना करून दाखवली होती. मोठ्या चाकांचा ट्रक, ज्याला मॉन्स्टर ट्रक म्हणतात, तो मात्र अलीकडचा. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातील बॉब चँडलर यांनी 1970 नंतरच्या दशकात आपल्या फोर्ड पिकअपला मोठी चाके आणि दणकट आख बसवले. 1981 साली एका शेतात त्यांनी तो ट्रक दोन मोडक्या मोटारींवरून चालवला आणि तिथून हा प्रकार लोकप्रिय झाला. पुढे या ट्रकांना साडेपाच फूट उंचीचे, म्हणजे 66 इंची टायर लागले. ते टायर मुळात शेतात खत पसरणाऱ्या गाड्यांचे होते! तेव्हा तुमच्या मुलाच्या हातातल्या खेळण्याचे शेतीशी जुने नाते आहे.

गिअरपेटीत काय असते?

वसई पट्ट्यातल्या वाड्यांना पाणी देणारा रहाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लगेच कळेल. जनावर गोल फिरे, त्याने आडवे दातेरी चाक फिरे आणि त्याच्या दात्यांनी उभे चाक फिरून पाणी वर येई. एका चाकाची गती दात्यांच्या आधाराने दुसऱ्याला द्यायची, एवढीच गिअरची युक्ती आहे.

खेळण्यातली मोटर फार वेगाने फिरते, पण तिच्यात जोर कमी असतो. म्हणून तिच्या दांड्यावर लहान दातेरी चाक बसवतात; त्याला पिनियन म्हणतात. ते मोठ्या चाकाला फिरवते. समजा पिनियनला 15 दाते आहेत आणि मोठ्या चाकाला 60. मग मोटरचे चार फेरे झाले की मोठे चाक एकदा फिरेल. वेग चौथा हिस्सा झाला, पण घर्षणात जाईल तेवढा वगळला तर जोर चौपट मिळाला. ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये हळू चालतो पण नांगर ओढतो, तो याच हिशेबाने.

मनोरीच्या खाडीपलीकडे मालाड आणि मालाडच्या पुढचे स्टेशन कांदिवली. तिथल्या महिंद्रांच्या कारखान्यातून 1965 साली बी-275 हे ट्रॅक्टर बाहेर पडू लागले. त्या ट्रॅक्टरच्या गिअरपेटीत आणि किनाऱ्यावरच्या खेळण्यात आकाराचा, धातूचा आणि किमतीचा फरक आहे. दात्यांचा हिशेब एकच आहे.

गाडी उघडताना

सर्वांत आधी गाडी बंद करा आणि बॅटरी काढून बाजूला ठेवा. चालू गिअरमध्ये बोट, ओढणी किंवा केस अडकले तर खेळणे आहे म्हणून ते सोडणार नाहीत. बॅटरी ओली झाली असेल किंवा फुगली असेल तर ती चार्जिंगला मुळीच लावू नका.

उघडण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढा. प्रत्येक पायरीला एक फोटो घेतला की जोडताना भांडण होत नाही. स्क्रू एका ताटलीत ठेवा. हे काम मुलाला किंवा मुलीलाच करू द्या; तुम्ही शेजारी बसा.

आता जुने ग्रीस बोटावर घेऊन चोळा. कचकच लागली तर त्यात वाळू आहे. इंजिनाचे व्हॉल्व्ह बसवताना मिस्त्री एक दाणेदार पेस्ट लावून घासतात, ती तुम्ही पाहिली असेल. ती पेस्ट म्हणजे ग्रीसमध्ये कालवलेली कठीण पूड. वाळू मिसळलेले ग्रीस हे तेच काम गिअरवर करते. त्याने दाते झिजतात, टोकदार होतात आणि शेवटी एकमेकांवरून निसटतात. अशा गिअरवर वरून नवे ग्रीस थापणे म्हणजे पेस्टच वाढवणे होय.

म्हणून जुने सगळे काढा. प्लॅस्टिकची चाके सुटी करून कोमट साबणपाणी आणि जुना दात घासायचा ब्रश यांनी धुवा. पेट्रोल किंवा थिनर वापरू नका. काही प्लॅस्टिक त्याने मऊ होते, काहीला तडे जातात. मोटर आणि तारांची पट्टी यांना साबणपाणी लागू देऊ नका. धुतलेले भाग सावलीत पूर्ण वाळवा आणि मग प्रत्येक दाता नीट पाहा. तुटलेला दाता वंगणाने उगवत नाही. ते चाक बदलावेच लागते.

कुठे काय घालावे?

बंद पेटीतल्या प्लॅस्टिकच्या गिअरांना प्लॅस्टिकला चालणारे पातळ पांढरे किंवा सिलिकॉनचे ग्रीस लावा. दात्यांवर पातळ थर दिसला की पुरे. पेटी भरून ग्रीस कोंबले तर मोटरला ते ढवळत बसावे लागते आणि बॅटरी लवकर उतरते. पितळी बुशवर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब बास होतो.

खोबरेल तेल नको. ते थंडीत गोठते आणि जुने झाले की चिकट होते. ट्रॅक्टरचे ग्रीस या इवल्या गिअरांना फार घट्ट पडते. इंजिनातून काढलेले काळे तेल तर नकोच. त्यात काजळी आणि धातूचे कण असतात.

आता एक गोष्ट उलटी वाटेल. ज्या गाडीचा पिनियन आणि मोठे चाक उघडे आहेत, त्यांना वाळूत चालवायचे असेल तर कोरडेच ठेवा. कोरड्या दात्यांवरची वाळू बरीचशी झडून जाते, ग्रीस लावलेल्या दात्यांवर ती चिकटून बसते. शक्य असेल तर रिकाम्या प्लॅस्टिकच्या डब्याचा तुकडा कापून त्यावर झाकण करा. वंगणापेक्षा हे झाकण जास्त उपयोगी पडते.

सुधारणा करायची तर

बाजारात दोन प्रकारच्या गाड्या मिळतात. स्वस्त खेळण्यांत गिअर बदलता येत नाहीत. ती साफ करून जपायची. महाग, छंदाच्या गाड्यांत प्रत्येक भाग सुटा मिळतो. त्यांच्यात तीन सुधारणा करण्याजोग्या आहेत.

पहिली पिनियनची. मऊ वाळूत मोटर चटकन तापते. गाडी पाच मिनिटे चालवा, थांबवा आणि मोटरला बोट जेमतेम टेकवून पाहा. चटका बसत असेल तर 15 ऐवजी 12 दात्यांचा पिनियन लावा. आता मोटर पाच वेळा फिरेल तेव्हा मोठे चाक एकदा फिरेल. वेग पाचव्या हिश्शाने घटेल, पण मोटरवरचा भार हलका होईल. मोठे टायर चढवणाऱ्यांनी तर हे करावेच, कारण चाक मोठे झाले की मोटरवरचा भार वाढतो. जुना पिनियन दुकानात सोबत न्या. दाते त्याच मापाचे हवेत.

नवा पिनियन बसवताना दात्यांमध्ये किंचित फट हवी. वहीच्या पातळ कागदाची पट्टी दोन्ही चाकांमध्ये घाला, चाके जवळ दाबा, मोटरचे स्क्रू आवळा आणि चाक फिरवून कागद बाहेर काढा. उरलेली फट बरोबर असते.

दुसरी सुधारणा बेअरिंगची. पितळी किंवा प्लॅस्टिकच्या बुशऐवजी त्याच मापाचे, दोन्ही बाजूंना रबरी झाकण असलेले बेअरिंग बसवा. गाडी हलकी चालते आणि वाळू आत जात नाही.

तिसरी सुधारणा डिफरन्शियलची. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, म्हणून दोन चाकांना वेगवेगळे फिरू देणारी ही गिअरांची जोडणी असते. पण एक चाक अधांतरी राहिले की सगळी गती त्यालाच मिळते आणि दुसरे थांबते. छंदाच्या गाडीत यासाठी डिफरन्शियलच्या पेटीत घट्ट सिलिकॉन तेल भरतात. मग दुसऱ्या चाकालाही जोर मिळतो. ट्रॅक्टरचे एक चाक चिखलात नुसते फिरू लागले की तुम्ही डिफरन्शियल लॉक दाबता, तोही याच कारणासाठी. ट्रॅक्टरमध्ये मात्र वळण्यापूर्वी लॉक सोडायला विसरू नका.

किनाऱ्यावरून परतल्यावर

खारे पाणी गिअरपेक्षा बेअरिंग आणि स्क्रू लवकर खाते. मनोरीसारख्या ठिकाणी गाडी लाटेच्या काठाला नेऊच नये. नेलीच तर घरी येताच बॅटरी काढा, चाके आणि आख गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, कोरडे करा आणि आखाच्या टोकांना तेलाचा थेंब द्या. पाण्याचा जोराचा फवारा मारू नका. त्याने वाळू उलट आत जाते.

आणि आता आपल्या गोठ्याशेजारी

मुलाची गाडी जोडून झाली की त्याला ट्रॅक्टरकडे किंवा पॉवर टिलरकडे घेऊन जा. भाताच्या चिखलणीनंतर गिअरपेटीतले तेल तपासा. ते दुधासारखे पांढरट दिसले तर आत पाणी शिरले आहे. वरून नवे तेल ओतून भागत नाही. ऑइल सील बघा, जुने तेल सगळे काढा, मगच यंत्राच्या पुस्तकात सांगितलेले तेल भरा. ग्रीसगन लावण्यापूर्वी निपल फडक्याने पुसा, नाहीतर निपलवरचा चिखल तुम्ही स्वतःच्या हाताने आत ढकलता.

आपल्या आजोबा-पणजोबांना बैलगाडीच्या आखाला वंगण घालायला कोणी शाळेत शिकवले नव्हते. घरातल्या मोठ्यांच्या शेजारी बसून ते शिकले. आज गाडीच्या जागी ट्रॅक्टर आला, पण शेजारी बसून शिकण्याची जागा घरात उरली नाही. पोराचे बिघडलेले खेळणे ती जागा पुन्हा मिळवून देते. म्हणून ते अडगळीत टाकू नका. एका संध्याकाळी मधे एक ताटली ठेवा, हातात स्क्रूड्रायव्हर द्या आणि त्याला, तिला एवढेच सांगा: आधी वाळू काढ, मग वंगण घाल.