अपघाताची नोंद : मलमपट्टीइतकीच गरजेची

कामतघर, पद्मानगर, ताडाळी या भागात दवाखाना चालविणाऱ्या डॉक्टरला यंत्रमागाची जखम ओळखायला फार वेळ लागत नाही. गिअरमध्ये सापडलेले बोट, पट्ट्यात ओढला गेलेला हात आणि सर्वांत वाईट म्हणजे उडालेल्या धोट्याने फुटलेला डोळा. साधा माग मिनिटाला शंभराहून अधिक वेळा धोटा इकडून तिकडे फेकतो. त्याची टोके लोखंडी आणि अणकुचीदार असतात. पिकर झिजलेला असला, पेटी सैल झाली किंवा ताण्याचे तुटलेले धागे वाटेत गुंतले, की धोटा बाहेर पडतो आणि शेजारच्या मागावर वाकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर बसतो.

मी विचारतो, "काय झाले?" उत्तर येते, "डॉक्टरसाब, जिन्यावरून घसरलो." मुकादम शेजारीच उभा असतो. जिन्यावरून घसरून बोटाचा असा चेंदामेंदा होत नाही, हे त्यालाही ठाऊक असते आणि मलाही. मात्र त्या क्षणी केसपेपरवर काय लिहिले जाते, यावर त्या माणसाची पुढची कित्येक वर्षे अवलंबून असतात.

खरे न सांगण्यामागे भीती असते. कामगार परगावचा, पगार कामावर, राहणे कारखान्यात आणि जेवण भिशीत. काम गेले तर सगळेच जाते. मालकाला पोलिसांची भीती. काहींना वाटते, पोलीस केस म्हटली की डॉक्टर हातच लावणार नाहीत. हा समज चुकीचा आहे. १९८९ साली परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की जखमी माणसावर उपचार आधी, कागदपत्रे नंतर. ही जबाबदारी सरकारी व खासगी दोन्ही डॉक्टरांवर आहे.

नोंदीचा आग्रह काही आजचा नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने जे मागणीपत्र तयार केले, त्यात कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि कायमचा जायबंदी झाल्यास त्याची सोय व्हावी, असे म्हटले होते. भरपाईचा कायदा व्हायला त्यानंतर १९२३ साल उजाडले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. कामामुळे व कामावर असताना झालेल्या इजेने तीन दिवसांपेक्षा जास्त अपंगत्व आले, तर मालक भरपाई देणे लागतो. ईएसआय लागू असेल तर ती त्या योजनेतून मिळते. दहा किंवा अधिक कामगारांच्या ठिकाणी अपघाताने एखाद्याला ४८ तास वा अधिक काम करता आले नाही, तर तो अपघात कळविणेही बंधनकारक आहे. आपल्याकडचे पुष्कळ खाते त्याहून लहान, तेथे कळवायला कोणी सांगत नाही. तेथे केसपेपर हाच बहुधा एकमेव पुरावा उरतो.

तो किती नेमका असावा, हे एका उदाहरणावरून पाहा. कायद्याच्या तक्त्यात तर्जनी पूर्ण गेली तर कमाईची क्षमता १४ टक्के घटली असे धरतात, दोन पेरी गेली तर ११, एक गेले तर ९. अंगठा पूर्ण गेला तर ३०, आणि दुसरा डोळा चांगला असताना एक डोळा गेला तर ४०. म्हणजे "हाताला जखम" असे मोघम लिहिणे निरुपयोगी आहे. कोणता हात, कोणते बोट, कोणत्या पेरापासून, हे लिहिलेच पाहिजे. रुग्णाने ते डॉक्टरकडून हक्काने लिहवून घ्यावे.

कारखान्यात एक साधी वही ठेवावी. तारीख, वेळ, पाळी, माग क्रमांक, काय करताना लागले, कोणी पाहिले, कोणत्या दवाखान्यात नेले, एवढे पुरे. धोटा उडाला पण कोणाला लागला नाही, तरीही लिहावे. याच नोंदीला मी सर्वांत जास्त किंमत देतो. एकाच मागाचा क्रमांक महिन्यात तीनदा आला, तर जॉबरला कोठे पाहायचे ते कळते, आणि धोट्याची जाळी बसवायला मालकालाही कारण मिळते. डोळ्याच्या शस्त्रक्रियेपेक्षा ती केव्हाही स्वस्त.

नोंद करायची म्हणून उपचार थांबवू नयेत. जखमेवर हळद, चुना, यंत्राचे तेल काही लावू नये. स्वच्छ कापडाने दाबून धरावे. तुटलेले बोट स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फात ठेवावी, बोट थेट बर्फावर नको. डोळा चोळू नये, रुतलेले काही उपसू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा घेतले होते, हे आठवत नसेल तर तसे डॉक्टरांना सांगावे.

गावी परत जाताना कामगाराने केसपेपर, एक्स-रे आणि औषधांच्या पावत्या सोबत न्याव्यात. निदान त्यांच्या झेरॉक्स तरी भिशीवाल्याकडे ठेवाव्यात. भरपाईचा दावा साधारणपणे अपघातापासून दोन वर्षांच्या आत करावा लागतो.