नोकरी सांभाळून परकी भाषा शिकताना

आमच्या वस्तीतील एक मुलगी जळगावच्या एका खासगी रुग्णालयात परिचारिका आहे. एरंडोलहून रोज एस.टी.ने जाणे-येणे, लांबलचक पाळी, आणि पगार हाती पडताच घरभाड्यात व धाकट्या भावाच्या फीमध्ये संपणारा. गेल्या वर्षी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, मला जर्मनीला जायचे आहे. क्लासवाला म्हणतो, तीन महिन्यांत भाषा येते, दीड लाख भरा. आई पोत गहाण ठेवायला निघाली आहे. भरू का?"

मी कारकून माणूस. परदेश पाहिलेला नाही. पण नोकरी करीत बी.कॉम. केलेले आहे. दिवसभर राबून आल्यावर पुस्तक उघडणे म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. आणि हिशेब करता येतो. मी म्हटले, "बस, आधी हिशेब मांडू." तोच हिशेब येथे देत आहे, कारण हा प्रश्न आता पुष्कळ घरांत विचारला जात आहे.

मागणी खरी आहे

जर्मनीत म्हाताऱ्या माणसांची संख्या वाढली आणि काम करणारे हात कमी पडू लागले, ही गोष्ट खरी आहे. डिसेंबर 2022 मध्ये भारत आणि जर्मनी यांच्यात स्थलांतराविषयी करार झाला. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुण पाठवण्याचे ठरले. त्यात परिचारिका, वीजतंत्री, प्लंबर, वाहनचालक, स्वयंपाकी असे आपल्या घरांतले व्यवसाय आहेत. ऑक्टोबर 2024 मध्ये जर्मन सरकारने कुशल भारतीयांसाठी वर्षाला द्यायच्या व्हिसांची संख्या वीस हजारांवरून नव्वद हजार करण्याचे जाहीर केले.

मात्र करार म्हणजे नेमणूकपत्र नव्हे. दाराशी भाषा उभी आहे. तिला ओलांडल्याशिवाय आत जाता येत नाही.

तीन महिन्यांचे गणित

या भाषेच्या पायऱ्या ए-1 पासून सी-2 पर्यंत सहा आहेत. परिचारिका म्हणून तेथे पूर्ण मान्यता मिळवायची तर साधारणपणे चौथी पायरी, म्हणजे बी-2, लागते. जर्मन शिकवणारी गोएथे संस्था (आपल्याकडे मॅक्स म्युलर भवन) सांगते की, बी-2 पर्यंत पोहोचायला 45 मिनिटांच्या 600 ते 800 तासिका लागतात. 800 धरा. त्याचे झाले 600 तास.

आता तीन महिन्यांचे दिवस 90. म्हणजे रोज पावणेसात तास अभ्यास! पाळी करून आलेली मुलगी तो कधी करणार? उलट रोज दीड तास, आठवड्याचे सहा दिवस धरले, तर आठवड्याला नऊ तास होतात आणि 67 आठवडे लागतात. आजारपण, सणवार, डबल ड्यूटी धरून दीड वर्ष समजा. दीड वर्ष ऐकून तिचा चेहरा उतरला. पण खरा आकडा आधी कळलेला बरा. खोट्या आकड्यावर पोत गहाण पडते.

अहिराणी बोलणाऱ्याला भीती कसली?

आपली मुले भाषेला भितात, ते इंग्रजीने घातलेल्या धाकामुळे. पण पाहा, खानदेशातले मूल घरी अहिराणी बोलते, शाळेत पुस्तकी मराठी, बाजारात हिंदी. तीन भाषांतून रोज ये-जा करणाऱ्याला चौथी का जड जावी?

शिवाय जर्मन भाषेत मराठीसारखीच तीन लिंगे आहेत. आपले तो, ती, ते. त्यांचे डेअर, डी, दास. फक्त आपला सूर्य 'तो', त्यांचा सूर्य 'ती'. म्हणून प्रत्येक शब्द लिंगासकट पाठ करावा. आपण एकवीस म्हणताना एक आधी आणि वीस नंतर म्हणतो, तेही 'एक आणि वीस' असेच म्हणतात. जोडवाक्यात पुष्कळदा क्रियापद शेवटी येते, आपल्यासारखेच. इंग्रजीत अडखळणाऱ्याला ही सोय आहे.

वेळ कोठून काढायचा?

एस.टी.तला वेळ ऐकण्याला द्यावा. मोबाईलवर जर्मन संवाद लावून कानात घालावेत. रात्रपाळीनंतर व्याकरण उघडू नये, डोक्यात शिरत नाही. त्या दिवशी फक्त दहा शब्द. लिहिण्याचे काम सुट्टीच्या दिवशी. बी-1 आणि बी-2 परीक्षेचे वाचन, ऐकणे, लिहिणे, बोलणे असे चार भाग आहेत, ते वेगवेगळेही देता येतात. प्रत्येकात शंभरापैकी 60 गुण हवेत. नोकरी करणाऱ्याने याचा फायदा घ्यावा.

आणि घरच्यांना एक सांगणे. मुलगा अभ्यासाला बसला की आपण टी.व्ही.चा आवाज कमी करतो. मुलगी बसली की तिला मधेच पोळ्या लाटायला उठवतो. या घरात मी भावाला समोर बसवून सांगितले की, संध्याकाळची भांडी आता तुझी. आठ दिवस कुरकुरला. मग घासू लागला. त्या भांड्यांतून तिचा रोजचा पाऊण तास निघाला.

पैसे कोणाला द्यायचे?

परदेशी नोकरी लावून देणारा एजंट 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदलेला असला पाहिजे. त्याला सेवाशुल्क 30,000 रुपये आणि त्यावरील जी.एस.टी., म्हणजे एकूण 35,400 रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. नोंदणी क्रमांक मागा, पावती मागा, मूळ प्रमाणपत्रे कोणाच्या हाती सोडू नका. क्लासची फी निराळी, पण तीही पायरीप्रमाणे भरावी, एकरकमी नव्हे.

जून 2024 पासून जर्मनीने 'संधी कार्ड' काढले आहे; त्यावर तेथे जाऊन नोकरी शोधता येते. पण त्यासाठी 2025 मध्ये महिन्याला 1,091 युरो याप्रमाणे वर्षाची सोय दाखवावी लागत होती. ती रक्कम तेरा लाखांच्या आसपास जाते. आपल्यासारख्यांनी आधी नोकरीचा करार हाती घ्यावा, मगच पाऊल उचलावे.

हा मार्ग नवा नाही

शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 मध्ये बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. 1918 मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. परळच्या चाळीत राहून पगारातून पै-पै साठवली आणि 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. जर्मन भाषाही ते शिकले होते आणि 1921 मध्ये जर्मनीच्या बॉन विद्यापीठात त्यांनी नाव नोंदवले. नोकरी, बचत, भाषा आणि परदेश हा क्रम त्यांनी शंभर वर्षांपूर्वी चालून दाखवला आहे.

आता त्या मुलीचे सांगतो. तिने दीड लाख भरले नाहीत. मोबाईलवरच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातले आणि फी हप्त्याने दिली. दोन पायऱ्या झाल्या. बी-1 चे तीन भाग सुटले, ऐकण्याचा राहिला. गुण कमी पडले. त्या रात्री ती रडली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.त पुन्हा कानात वायर घालून बसली.

ती जाईल की नाही, हे मी सांगू शकत नाही. आई अजून मनाने तयार नाही, आणि त्या माउलीचेही खरे आहे. पण पोत तिच्या गळ्यात आहे, आणि घर कर्जात नाही.

आमच्या विहारात आता रोज रात्री आठ ते दहा दिवा चालू ठेवतो. ही मुलगी, आय.टी.आय. झालेले दोन वीजतंत्री आणि दहावीची काही मुले तेथे बसतात. वीजबिल आम्ही पाच घरे मिळून भरतो. आपल्या वस्तीत एवढे तरी करता येईल का, पाहा.